खो-खोतला संरक्षक खरंच किती भारी? मोबाइलवर असं मोजा

सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यातलं वेळापूर हे खो-खोचं गाव. इथला रामजी कश्यप २०२२ मध्ये अल्टिमेट खो-खोत चेन्नई क्विक गन्सकडून खेळला आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला वर्ल्ड कप जिंकणाऱ्या भारतीय संघातही होता. अशा खेळाडूंच्या बातमीत नावापुढे कंसात वेळ छापलेली असते, म्हणजे तो इतकी मिनिटं पळाला. पण फक्त या आकड्यावरून संरक्षक निवडला, तर चांगल्या खेळाडूवर अन्याय होऊ शकतो. कसा ते बघू.

वेळेचा आकडा कुठे फसवतो?

१. नाबाद राहिलेले. संरक्षक तिघांच्या तुकडीने मैदानात येतात. पारंपरिक खेळात पाळी ९ मिनिटांची, तर अल्टिमेट खो-खोत ७ मिनिटांची. शेवटच्या तुकडीतला खेळाडू मिनिटभर पळाला आणि शिट्टी वाजली, तर तो बाद झालेलाच नाही. वेळच संपली!

२. पाठलाग कोणाचा? आक्रमक एका वेळी एकाच्याच मागे असतो. बाकीचे दोघं त्या वेळात दम घेतात. घड्याळ मात्र तिघांचंही चालू असतं.

३. तुकडीचं श्रेय. लीगमध्ये तुकडी ठरावीक वेळेपेक्षा जास्त टिकली की ‘ड्रीम रन’चे गुण मिळतात. ते तिघांचे असतात, एकट्याचे नाहीत. आईस हॉकीतल्या डिफेन्समनचीही हीच अडचण आहे. तिथल्या ‘प्लस-मायनस’मध्ये गोल झाला की त्या वेळी बर्फावर असलेल्या सगळ्यांच्या खात्यात तो जातो, चूक कोणाचीही असो.

मग काय करायचं?

गुगल शीट्स उघडा आणि प्रत्येक पाळीसाठी चार रकाने करा: एकूण वेळ, बाद की नाबाद, प्रत्यक्ष पाठलाग झालेली वेळ, बाद कसा झाला. मॅच मोबाइलवर शूट केली असेल तर तिसरा रकाना नंतर निवांत भरता येतो.

आता क्रिकेटच्या बॅटिंग अॅव्हरेजसारखं गणित करा: एकूण वेळ भागिले किती वेळा बाद.

समजा, ‘अ’ चार पाळ्यांत ६ मिनिटं पळाला आणि चारही वेळा बाद झाला. सरासरी दीड मिनिट. ‘ब’ चार पाळ्यांत ५ मिनिटं ४० सेकंद पळाला, पण दोनदा नाबाद राहिला. त्याची सरासरी २ मिनिटं ५० सेकंद. एकूण वेळेत ‘अ’ पुढे, सरासरीत ‘ब’ बराच पुढे.

पण लगेच ‘ब’ला निवडू नका. पाठलागाची वेळही अशीच बादच्या संख्येने भागून बघा. ‘ब’ बहुतेक वेळ लांबच उभा असेल, तर चित्र पुन्हा बदलेल. बाद कसा झाला हेही महत्त्वाचं. खांबाजवळ सूर मारून टिपला जाणं वेगळं आणि स्वतःच मैदानाबाहेर पाय टाकणं वेगळं.

शेवटचं: चार पाळ्यांवरून निकाल देऊ नका. निदान दहा-बारा पाळ्यांची नोंद होऊ द्या आणि समोरचा संघ कोण होता तेही लिहून ठेवा. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या निवड चाचणीला जाताना ही शीट सोबत असेल, तर ‘मी चांगला पळतो’ असं नुसतं सांगावं लागणार नाही, दाखवता येईल.