एपिसोडचा मजकूर : टायर आतून का खातो?

इअरफोन लावलेत ना? आजची गोष्ट सुरू होते एका पंक्चरच्या दुकानात.

गणपतीला गावी निघालो होतो. मागच्या सीटवर आई, डिकीत सामान. घाट लागायच्या आधी हवा चेक करायला थांबलो. त्या काकांनी स्टिअरिंग पूर्ण वळवायला लावलं, पुढच्या टायरच्या आतल्या कडेवर हात फिरवला आणि म्हणाले, "दादा, हे बघा." बाहेरून टायर नव्यासारखा दिसत होता, पण आतून तार दिसायला लागली होती. महिनाभर गाडी एका बाजूला ओढत होती आणि मी म्हणत होतो, रस्ताच तसा आहे.

स्टेपनी लावली, पुढे सावकाश गेलो. पण प्रश्न डोक्यात राहिला: चाक असं तिरकं का घासतं? शोधत गेलो तर थेट घोडागाडीपर्यंत पोचलो.

मुंबईची व्हिक्टोरिया आठवा. तिची पुढची दोन्ही चाकं आख्ख्या आसासकट वळायची. जास्त वळवलं तर गाडी कलंडायची भीती. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये इरॅस्मस डार्विन नावाचे डॉक्टर होते, चार्ल्स डार्विनचे आजोबा. पेशंट बघायला सतत घोडागाडीतून फिरायचे. त्यांनी डोकं लढवलं: आस जागेवर राहू दे, चाकं वेगवेगळी वळू देत. पण पेटंट घेतलं नाही.

पुढे म्युनिकच्या गेओर्ग लांकेनस्पेर्गर या गाडी बनवणाऱ्याने हीच कल्पना नव्याने मांडली. 1818 मध्ये लंडनमध्ये तिचं पेटंट घेतलं ते त्याचा एजंट रुडॉल्फ अकरमन याने. गंमत बघा, डोकं एकाचं आणि नाव दुसऱ्याचं! आजही आपण 'अकरमन स्टिअरिंग'च म्हणतो.

यात युक्ती काय? वळताना आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं, बाहेरचं मोठ्या. म्हणून आतलं चाक जास्त वळायला हवं, नाहीतर एक चाक घासणारच. कार्ल बेंझच्या 1886 च्या गाडीला तीनच चाकं होती, कारण चार चाकांचं स्टिअरिंग त्याला मनासारखं जमत नव्हतं. 1893 मध्ये त्याने त्यावर स्वतःचं पेटंट घेतलं आणि चारचाकी आणली.

आता चाकं वेगवेगळी वळायला लागली, म्हणजे वेगवेगळी बिघडायलाही लागली. आस एकच होती तेव्हा चाकं आपसूक समांतर राहायची. आता ते काम टाय रॉडकडे आलं. खड्ड्यात जोरात आपटलं की रॉड वाकतो, जॉइंट ढिले होतात. दोन्ही पुढची चाकं प्रत्येकी फक्त अर्धा अंश बाहेर वळलेली असली, तरी दर किलोमीटरला प्रत्येक चाक जवळपास 9 मीटर आडवं घासतं! डोळ्याला दिसत नाही, टायरला कळतं.

म्हणून टायर वाचायला शिका. मधोमध झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी. एकच कड झिजली तर टो किंवा कॅम्बर बिघडलाय, अलाइनमेंट करा. हात फिरवल्यावर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टो. नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्यानेही बाद.

त्या काकांनी हवेचे पैसे तेवढे घेतले. आई अजून म्हणते, बाप्पाने वाचवलं. मी म्हणतो, बाप्पाने आणि काकांच्या हाताने.

आज घरी गेलात की स्टिअरिंग वळवा आणि टायरच्या आतल्या बाजूला एकदा हात फिरवून बघा. काय सापडलं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!