न आलेलं व्याज आणि कागदावरचा नफा

मार्च लागला की मले आमच्या गावची सेवा सहकारी सोसायटी आठवते. दर्यापूरकडचं खारपाणपट्ट्यातलं गाव. बाबा गटसचिव. 31 तारखेच्या आधी घरात कीर्द-खतावण्यांचा ढीग पडायचा आणि 'नवं-जुनं' सुरू व्हायचं. म्हणजे जुनं कर्ज कागदावर फिटलं, लगेच नवं उचललं. पैसा जागचा हलत नसे, थकबाकी मात्र गायब!

एका आमसभेत एक म्हातारे सभासद उठून म्हणाले होते, "पैसा आला नाही, तं नफा कुठून आला बाप्पा?" सगळे हसले. पण प्रश्न खरा होता. त्या काळात कित्येक बँका न आलेलं व्याजही 'येणे' म्हणून उत्पन्नात धरत.

1991 च्या नरसिंहम समितीने नेमकं इथेच बोट ठेवलं. नवे नियम 1992-93 पासून व्यापारी बँकांना आणि 1996-97 पासून जिल्हा मध्यवर्ती बँकांना लागू झाले. मुदतीत वसूल न झालेलं कर्ज एनपीए. त्यावरचं व्याज हाती आलं तरच उत्पन्न. वरून बुडण्याच्या शक्यतेप्रमाणे तरतूद.

सोपा हिशोब करू. समजा 100 कोटींचं कर्ज, व्याज 12 टक्के, त्यातले 30 कोटी थकले. जुन्या पद्धतीत व्याजाचं उत्पन्न 12 कोटी. नव्या पद्धतीत 8.40 कोटी, आणि थकलेल्यावर 10 टक्के धरली तरी 3 कोटींची तरतूद. कर्ज तेच, कर्जदार तेच, कपाशी तीच. पण नफ्यातून 6.60 कोटी गेले.

तेव्हा अनेकांनी म्हटलं, रिझर्व्ह बँकेने सहकार बुडवला. मला ते पटत नाही. नियमाने तोटा केला नाही, लपलेला तोटा दाखवला. 2012 मध्ये परवान्यासाठीच्या 4 टक्के भांडवलाच्या अटीची मुदत संपली, तेव्हा शेजारची बुलडाणा, तसेच वर्धा आणि नागपूर या जिल्हा बँका तिच्यात बसल्या नाहीत. नव्या ठेवी घ्यायला बंदी आली, ठेवीदार अडकले. 2014 मध्ये केंद्राने चार राज्यांतल्या 23 बँकांसाठी 2,375 कोटींची योजना मंजूर केली, त्यात या तिन्ही होत्या. अकोला-अमरावतीच्या बँका टिकल्या, ही आपली शिल्लक.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एनपीए हा बँकेचा शब्द. शेतकऱ्याच्या घरी त्याचा अर्थ एकच: पुढचं पीककर्ज बंद. मग सावकाराचं दार. हिशोब खरा झाला म्हणून पाऊस वेळेवर येत नाही.

आणि गावपातळीवर अजून एक भोक आहे, 'अनिष्ट तफावत'. सोसायटी बँकेला जेवढं देणं लागते, तेवढं सभासदांकडून येणंच नसतं. मधला पैसा गेला कुठे? 2022 मध्ये केंद्राने 63,000 सोसायट्यांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. सगळीकडे एकाच पद्धतीचा हिशोब येईल. 'नवं-जुनं' आता खतावणीत नाही, पडद्यावर दिसेल. म्हणजे अजून काही जुनी पानं उघडी पडतील. पडू द्या.

म्हणून राजेहो, आमसभेला जा. चहा-बिस्किटाच्या आधी अहवालाचं पान उघडा आणि तीनच गोष्टी विचारा: एनपीए किती, तरतूद किती, अनिष्ट तफावत किती? त्या म्हाताऱ्याच्या प्रश्नावर आपण हसलो होतो. आता तरी हसू नका.