टर्बो-हायड्रामॅटिक गिअरबॉक्स : दोषनिदान

अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीचे तीन गतींचे स्वयंचलित गिअरबॉक्स. ‘४००’ हा १९६४ मध्ये, तर त्याहून हलका ‘३५०’ १९६९ मध्ये आला. ‘४००’ पुढे रोल्स-रॉइस आणि जॅग्वार गाड्यांतही बसवला गेला. यांत संगणक नसतो. गिअर केव्हा पडायचा हे ऑइलचा दाब ठरवतो. त्यामुळे बरेच बिघाड गिअरबॉक्स न उतरवता सापडतात, आणि घाईने तो उतरवणे ही या दुरुस्तीतील सर्वांत महागडी चूक ठरते.

सुरुवात ऑइलपासून करावी. गाडी सपाट जागी, इंजिन गरम व चालू आणि लिव्हर ‘पी’वर असताना डिपस्टिक पाहावी. ऑइल कमी असेल तर पंप हवा ओढतो आणि क्लच घसरतात. जास्त असेल तर ते फेसाळते आणि परिणाम तोच होतो. तांबडे ऑइल तपकिरी होऊन त्याला जळका वास येऊ लागला, तर क्लचची अस्तरे जळाली असे समजावे.

गिअर उशिरा आणि धक्क्याने पडत असतील, तर पहिला संशय व्हॅक्यूम मॉड्युलेटरवर घ्यावा. ही गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेली डायफ्रामची डबी असते. इंजिनावरचा भार वाढला की व्हॅक्यूम घटतो आणि डबी ऑइलचा दाब वाढवते. रबरी नळी तडकली किंवा निसटली, की गाडी रिकामी धावत असूनही गिअरबॉक्सला सतत चढ लागल्यासारखे वाटते. नळी काढून पाहावी : आत ऑइल आढळले तर डायफ्राम फाटलेला आहे. मग इंजिन ते ऑइल ओढून जाळते. सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो आणि खाली थेंबही न गळता पातळी उतरत राहते. ही डबी एका बोल्टने धरलेली असते, बदलायला सोपी. नळी आणि डबी दोन्ही चांगली असतील तर इंजिनाचा व्हॅक्यूम मोजावा. निरोगी इंजिन आयडलिंगला साधारण १७ ते २१ इंच पारा दाखवते. झिजलेले इंजिन तेवढा देत नाही, आणि दोष मात्र गिअरबॉक्सच्या माथी येतो.

गाडी पहिल्या गिअरमधून वर जातच नसेल, तर गव्हर्नर (गाडीच्या वेगानुसार ऑइलचा दाब बदलणारा भाग) अडकलेला किंवा त्याचे नायलॉनचे दातेरी चाक झिजलेले असू शकते.

घसरण कोणत्या गिअरमध्ये होते, यावरून नेमका क्लच ओळखता येतो. तिसरा आणि रिव्हर्स दोन्ही घसरतात, पण पहिला-दुसरा ठीक असतात, तेव्हा डायरेक्ट क्लच गेलेला असतो, कारण त्या दोन्हींत तो लागतो. रिव्हर्स चांगला असून पुढचा एकही गिअर पकडत नसेल, तर फॉरवर्ड क्लच पाहावा.

किकडाउन (ॲक्सिलरेटर पूर्ण दाबताच खालचा गिअर पडणे) बंद पडल्यास ‘४००’मध्ये विजेचा स्विच व तार तपासावी, ‘३५०’मध्ये केबल.

शेवटी तळाचे पॅन उघडावे. थोडा राखाडी गाळ ही नेहमीची झीज. चकचकीत धातूचे कण किंवा अस्तराचे काळे तुकडे दिसले, तर गिअरबॉक्स उतरवण्यावाचून इलाज नाही.