भातखंडे: वकिलीनंतरचे संगीत

विष्णु नारायण भातखंडे यांनी १८८७ साली कायद्याची पदवी घेतली आणि वकिली सुरू केली. जन्म १८६० चा, वाळकेश्वरचा. तरुणपणी ते वल्लभदास दामुलजींकडे सतार आणि रावजीबुवा बेलबागकरांकडे धृपद शिकले होते. १८८४ पासून मुंबईच्या पारशी गायनोत्तेजक मंडळीचे ते सभासद होते. तेथे त्यांना नामांकित गवई जवळून ऐकता आले. तरीही संगीत हा तोवर फावल्या वेळचा विषय होता.

१८९६ साली त्यांनी संगीताच्या शोधासाठी पहिला मोठा प्रवास केला, तो गुजरात-काठेवाडचा. सुरत, भडोच, बडोदे, अहमदाबाद, राजकोट, जामनगर, जुनागड, भावनगर अशा गावांत जाऊन त्यांनी गायक-वादकांना गाठले. मैफल ऐकून परतायचे एवढाच त्यांचा हेतू नव्हता. शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’त सांगितलेले राग आणि उस्ताद प्रत्यक्ष गातात ते राग यांचा मेळ बसत नव्हता, आणि त्याचे कारण कोणी सांगू शकत नव्हते. साक्षीपुरावे तपासण्याची वकिली सवय येथे उपयोगी पडली: एकच राग अनेकांकडून ऐकायचा, तफावत टिपायची आणि ग्रंथाशी ताडून पाहायची.

१९०० साली पत्नी आणि १९०३ साली मुलगी वारली. घर रिकामे झाले. त्यानंतर वकिली मागे पडत गेली आणि उरलेले आयुष्य त्यांनी संगीताला दिले. १९०४ साली ते दक्षिणेत गेले. एट्टयपुरम येथे सुब्बराम दीक्षितरांची भेट झाली आणि व्यंकटमखीच्या ‘चतुर्दण्डिप्रकाशिके’तील ७२ मेळांची, म्हणजे स्वरांनुसार रागांचे गट पाडण्याची, रचना त्यांच्यापुढे आली. दीक्षितरांचा ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’ हा प्रचंड ग्रंथ त्याच वर्षी छापला गेला. तेव्हा दीक्षितर पासष्टीत होते. दोन परंपरांतले हे दोन संग्राहक एकमेकांना भेटले, ही संगीताच्या इतिहासातली फार मोलाची गोष्ट आहे.

मेळपद्धतीच्या धर्तीवर भातखंड्यांनी हिंदुस्थानी रागांची दहा थाटांत मांडणी केली. या मांडणीवर आक्षेप आले आणि ते अगदीच निराधार नव्हते. भूप आणि देसकार यांचे स्वर तेच, पण एक कल्याण थाटात आणि दुसरा बिलावलात. म्हणजे रागाची ओळख नुसत्या स्वरांवर ठरत नाही. पण शिकणाऱ्याला पहिले बोट धरायला आधार मिळाला, तो याच मांडणीमुळे.

बंदिशी मिळवणे त्याहून अवघड होते. घराण्याची चीज म्हणजे घराण्याची मिळकत. ती परक्याला देण्याची रीत नव्हती. पन्नाशीच्या आसपास असलेल्या, समाजात मान असलेल्या या माणसाने पुन्हा शिष्य होणे पत्करले. रामपूरचे नबाब हमीद अली खाँ यांचे शिष्यत्व त्यांनी घेतले, जयपूरच्या कोठीवाल घराण्याच्या चिजा लिहून घेतल्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्रासाठी खाली आणि तारासाठी वर बिंदू, समेवर फुली, अशी सोपी स्वरलिपी त्यांनी केली. तिच्यात उतरवलेल्या अठराशेच्या आसपास बंदिशी ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत आल्या. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे चार भाग त्यांनी मराठीत, गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात लिहिले, पहिला १९१० चा, चौथा १९३२ चा.

१९१६ साली सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हा भातखंडे पंचावन्न वर्षांचे होते. त्यांच्याच प्रयत्नांतून १९१८ साली ग्वाल्हेरचे माधव संगीत विद्यालय आणि १९२६ साली लखनौचे मॅरिस कॉलेज सुरू झाले. लखनौच्या कॉलेजाची धुरा पुढे त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी दीर्घकाळ वाहिली. अखेरची काही वर्षे भातखंडे पक्षाघाताने अंथरुणाला खिळले होते. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेशचतुर्थीला, त्यांचे निधन झाले. लखनौच्या त्या कॉलेजाचे आज विद्यापीठ झाले असून ते भातखंड्यांच्याच नावाने चालते.