परसातलं झाड आणि छोटा लोडर: यंत्र निवडण्याचा एक इतिहास



पीएच.डी.च्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: "हीच पद्धत का निवडली?" यावर बहुतेकांचं उत्तर असतं, "आमच्या लॅबमध्ये तेच उपकरण आहे" किंवा "आधीच्या पेपरमध्ये तेच वापरलंय." उत्तर खरं असतं, पण समोरच्याचं समाधान होत नाही. का होत नाही, हे समजून घ्यायला आज लॅबच्या बाहेर जाऊ आणि एका यंत्राचा इतिहास बघू.

उदाहरण आंबेगाव तालुक्यातल्या कळंबचं घेऊ. पुणे-नाशिक महामार्गावर मंचर सोडून नारायणगावकडे निघालं की हे गाव लागतं. समजा, तिथल्या एका घराच्या परसातला जुना आंबा वादळात उन्मळून पडलाय. हे काही अगदीच काल्पनिक नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि घाट चढून पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातून पुढे गेलं. जुन्नर-आंबेगावात तेव्हा घरांवर, तारांवर, रस्त्यांवर झाडं पडली होती. तर आपल्या आंब्याच्या फांद्या छाटून झाल्यात, बुंध्याचे ओंडके पाडायचेत. ते परसातून रस्त्यापर्यंत आणायचे कसे? कुठलं यंत्र बोलवायचं?

गावातलं उत्तर ठरलेलं आहे: "जेसीबी बोलव."

कंपनीचं नाव यंत्राला कसं चिकटलं?

जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी १९४५ साली इंग्लंडमधल्या युटॉक्सेटर गावी एका गॅरेजमध्ये धंदा सुरू केला. पहिली वस्तू होती शेतमालासाठीची, मागे कलंडणारी ट्रॉली. १९५३ साली त्यांच्या कंपनीने पुढे बकेट आणि मागे खोदणारा हात असं एकत्र यंत्र आणलं. आज आपण ज्याला जेसीबी म्हणतो त्याचं हे मूळ. १९७९ साली एस्कॉर्ट्ससोबत भागीदारीत हे यंत्र भारतात, हरियाणातल्या बल्लभगडला बनू लागलं. २००३ साली एस्कॉर्ट्स बाहेर पडली. पुढे कंपनीने पुण्याजवळ तळेगावलाही कारखाना काढला.

हे यंत्र आपल्याकडे इतकं का पसरलं? कारण कामंच तशी होती. पाइपलाइनचा चर, शेततळं, बांध, रस्त्याचा भराव, घराचा पाया. ही सगळी कामं एकच यंत्र करतं आणि तासावर भाड्याने मिळतं. मालकाला वर्षभर काम, गिऱ्हाइकाला एका फोनवर मशीन. एकदा हे गणित जमलं की ऑपरेटर त्याच यंत्रावर शिकतात, सुटे भाग त्याचेच मिळतात, मेकॅनिकला तेच येतं. दुसरं यंत्र येण्याची वाट अवघड होत जाते. तंत्रज्ञानाच्या इतिहासात याला पूर्वपथावलंबन म्हणतात: आधीच्या निवडींनी पुढच्या निवडींची वाट आखून ठेवलेली असते.

आता परसातल्या आंब्याकडे या. जेसीबीचं वजन साधारण साडेसात टन, रुंदी सव्वादोन मीटरच्या आसपास. जुन्या गावठाणातल्या आळ्या आणि बोळ माणसांच्या नि फार तर बैलगाडीच्या हिशोबाने पडलेले. मग होतं काय? कंपाउंडची भिंत पाडली जाते, शोषखड्ड्यावरचं झाकण चाकाखाली बसतं, पावसात भिजलेल्या जमिनीत हातभर खोल चाकोऱ्या पडतात. शेजारच्या उभ्या झाडाची बहुतेक बारीक मुळं जमिनीच्या वरच्या थरात असतात. तीही दाबली जातात आणि दोन-तीन वर्षांनी ते झाड वाळायला लागलं की कारण कुणाच्या लक्षात येत नाही. लाकूड हललं खरं, पण खर्च दुसरीकडेच झाला.

टर्कीच्या गोठ्यातला प्रश्न

याच दशकात अटलांटिकच्या पलीकडे एक वेगळीच अडचण होती. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रॉथसे नावाचं छोटं गाव आहे. तिथे सिरिल आणि लुई केलर हे दोघे भाऊ लोहारकाम-वेल्डिंगचं दुकान चालवायचे. एडी व्हेलो नावाचा टर्की पाळणारा शेतकरी त्यांच्याकडे आला. त्याचा गोठा दुमजली, आत जागोजागी खांब. तिथली घाण काढायला ट्रॅक्टर आत वळत नव्हता आणि वरच्या मजल्यावर तर चढवणंच शक्य नव्हतं. त्याला हवं होतं असं यंत्र, जे लाकडी मजल्याला पेलेल इतकं हलकं असेल आणि खांबांमध्ये जागच्या जागी वळेल.

फेब्रुवारी १९५७ मध्ये केलर बंधूंनी त्याला एक तीनचाकी लोडर करून दिला. पुढची दोन चाकं चालवणारी, मागे एक फिरतं चाक. पट्टे-पुलीची पहिली रचना टिकेना, म्हणून त्यांनी क्लचची नवी रचना केली. तिच्यामुळे एका बाजूचं चाक पुढे आणि दुसऱ्या बाजूचं मागे फिरवता येऊ लागलं. १९५८ च्या मिनेसोटा राज्य जत्रेत मेलरो कंपनीच्या स्टॉलवर हे यंत्र लोकांनी पाहिलं. मेलरोने हक्क घेतले आणि केलर बंधू त्यांच्याकडे कामाला गेले. १९६० साली एम-४०० हे चारचाकी मॉडेल आलं आणि १९६२ साली 'बॉबकॅट' हे नाव. आज ज्यांना स्किड स्टीअर म्हणतात त्या सगळ्या यंत्रांचं कूळ इथे आहे.

इथे एक गोष्ट वहीत लिहून ठेवा. हा शोध "जास्तीत जास्त वजन कसं उचलावं" या प्रश्नातून आलेला नाही. "या खांबांमधून कसं जावं आणि हा मजला कसा मोडू नये" या प्रश्नातून आलाय.

प्रत्येक उत्तराला त्याची किंमतही असते. स्किड स्टीअरची चाकं वळत नाहीत, घसटत फिरतात. गोठ्याच्या कडक जमिनीवर ते चालतं. परसातल्या ओल्या मातीवर तीच चाकं जमीन खरवडून काढतात. म्हणून फिनलंडमध्ये १९९१ साली सुरू झालेल्या अवांत कंपनीने मधोमध सांध्यातून वाकणारा छोटा लोडर आणला. तो वळताना जमीन कमी उकरतो. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात टोरो कंपनीने ऑस्ट्रेलियातलं 'डिंगो' हे यंत्र अमेरिकेत नेलं. त्याच्या मागे उभं राहून ते चालवायचं. अशी यंत्रं जेमतेम मीटरभर रुंद असतात, त्यामुळे बागेच्या फाटकातून आत जातात. वेगळी अडचण, वेगळं यंत्र.

उसाकडून लाकडाकडे

कळंबच्या आसपास भीमाशंकर आणि विघ्नहर या सहकारी साखर कारखान्यांचा ऊसपट्टा आहे, म्हणून आणखी एक धागा सांगतो. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलुलँडमध्येही ऊस होतो. १९६० च्या दशकात आयर्विन बेल यांनी तिथे ऊस उचलायला तीनचाकी ग्रॅब लोडर बनवला. उसाच्या शेतात पटकन वळणं आणि मोळी चिमट्यात धरून उचलणं, एवढंच त्याचं काम. पुढे तोच लोडर ओंडके उचलायला जंगलांत गेला आणि तिथे रुळला. ऊस आणि ओंडका यांत साम्य कुठलं? दोन्ही लांब, दोन्ही घरंगळणारे, दोन्ही बकेटमध्ये नीट न बसणारे. दोन्हींना बकेटपेक्षा चिमटा बरा.

आपल्याकडे उसाची मोळी बहुतेक ठिकाणी अजून तोडकरी डोक्यावर घेतात आणि फळीवरून चढून गाडीत टाकतात. यंत्र जगात असणं आणि ते आपल्या बांधापर्यंत पोचणं या दोन वेगळ्या घटना आहेत. इतिहास लिहिताना शोधाची तारीख सगळे देतात. यंत्र कुठे पोचलं नाही आणि का नाही, हे कमी जण विचारतात. तिथे प्रबंधाचे विषय पडलेत.

आकड्यामागची व्याख्या

आता जरा विज्ञानवाल्यांसाठी. छोट्या लोडरच्या माहितीपत्रकात उचलक्षमतेचा आकडा असतो. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून मोठा तो घेतला, असं करू नका. समजा एखादं मशीन १४०० किलो वजनाला पुढे कलंडायला लागतं. चाकांच्या स्किड स्टीअरसाठी प्रचलित पद्धत यातलं ५० टक्के वजन सुरक्षित मानते, म्हणजे ७०० किलो. पट्ट्यांवर चालणाऱ्या लोडरसाठी ३५ टक्के, म्हणजे ४९० किलो. कलंडण्याचं वजन तेच, पण छापलेले आकडे दोन. तक्ता वाचण्याआधी व्याख्या वाचायची ती यासाठी. तुमच्या विषयातल्या 'अचूकता', 'संवेदनशीलता' या शब्दांनाही हेच लागू आहे.

मग आपल्या आंब्याचं गणित मांडू. ६० सेंमी व्यासाचा, २ मीटर लांबीचा ओंडका म्हणजे सुमारे ०.५७ घनमीटर. ओलं लाकूड पाण्याइतकं जड धरलं तर ५७० किलो. उभं राहून चालवायच्या यंत्रांची क्षमता साधारण २५० ते ४५० किलो. म्हणजे नाही जमणार? ओंडका १.२ मीटरचा पाडा, वजन ३४० किलोवर येतं. मोठं मशीन आणायची गरज करवतीच्या एका कापाने टळू शकते. पण लाकूड फळ्यांसाठी वखारीत द्यायचं असेल, तर आखूड ओंडक्याला भाव कमी मिळतो. जळणासाठी असेल तर काहीच बिघडत नाही. म्हणजे यंत्र निवडण्याआधी लाकडाचं काय करायचं हे ठरायला हवं.

तर कळंबला काय करावं?

क्रम असा ठेवा. आधी सगळ्यात अरुंद जागा मोजा: फाटक, बोळ, भिंत आणि संडासाची टाकी यांमधलं अंतर. मग जमीन बघा: ओली की कोरडी, खाली पाइप किंवा शोषखड्डा आहे का. मग ओंडक्याचं वजन काढा. यंत्राचं नाव सगळ्यात शेवटी. बोळ अडीच-तीन मीटर रुंद आणि जमीन कोरडी असेल, तर जेसीबी बिनधास्त बोलवा, त्यात कमीपणा नाही. दीड-पावणेदोन मीटरच असेल, तर छोटा स्किड स्टीअर भाड्याने मिळतो का ते चौकशी करून बघा. रस्त्यावर उभं राहून भिंतीवरून उचलता येत असेल तर हायड्रा क्रेन. पण लांब हात काढला की तिची क्षमता झपाट्याने घटते, हे ऑपरेटरला आधी विचारा. आणि काहीच आत जात नसेल, तर आखूड ओंडके, पहार, गोल लाकडांचे रूळ आणि साखळी-कप्पी. ही जुनी पद्धत हळू आहे, पण भिंत पाडत नाही.

दोन गोष्टी मात्र कुठल्याही यंत्राला लागू. ओंडका जमिनीलगत ठेवूनच न्यायचा. उंच धरला की मशीन कलंडतं किंवा ओंडका घरंगळत चालकाच्या अंगावर येतो. आणि फांद्या छाटायला माणसाला बकेटमध्ये उभं करून वर चढवायचं नाही. गावोगाव हे दिसतं. ती बकेट मातीसाठी बनवलेली आहे, तिला कठडा नाही. झाड अजून उभं असेल तर कायदाही बघा: महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत आंबा, चिंच, जांभूळ ही झाडं आहेत आणि ती तोडायला आधी परवानगी लागते.

आता मुलाखतीतल्या प्रश्नाकडे परत येऊ. "लॅबमध्ये तेच उपकरण आहे" हे उत्तर म्हणजे "जेसीबी बोलव". कधी ते बरोबरही असतं, पण ते बरोबर का आहे हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. प्रत्येक उपकरण, प्रत्येक पद्धत ही कुणाच्या तरी अडचणीचं उत्तर म्हणून जन्माला आलेली असते. ती अडचण कोणती होती ते शोधा आणि तुमच्या अडचणीशेजारी ठेवून बघा. जुळली तर वापरा. नाही जुळली, तर काय बदलावं लागेल ते लिहा. प्रबंधातलं 'पद्धती' हे प्रकरण म्हणजे एवढंच असतं.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या विषयातलं एक रोजचं उपकरण किंवा एक प्रश्नावली निवडा. ती सगळ्यात आधी कुणी, कुठे, कशासाठी बनवली ते एका पानात लिहा. पान भरलं नाही, तर तुमची निवड अजून झालेली नाही असं समजा.