‘सत्यकथे’चा अस्त

तुमसर तालुक्यात, मँगनीजच्या खाणींच्या मुलखात वसलेल्या नाकाडोंगरीसारख्या गावी राहून ज्याला लेखनाची उमेद बाळगावयाची असे, त्याला साहित्याच्या दरबारी रुजू होण्यास टपालाखेरीज दुसरा मार्ग नव्हता. म्हणूनच मुंबईच्या ‘सत्यकथा’ मासिकाच्या ऱ्हासाचा विचार त्याच्या कीर्तीपेक्षा त्याच्या दप्तराच्या अंगाने करणे मला अगत्याचे वाटते.

१९३३ साली निघालेल्या या मासिकाने पुढील दशकात नवकथेला आणि नवकाव्याला आश्रय दिला, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्याचे खरे सामर्थ्य संपादकांच्या परिश्रमांत होते. आलेले हस्तलिखित श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी अक्षरशः पारखावे, त्यातील उणिवा सविस्तर पत्राने कळवाव्यात, आणि लेखक नवखा असला तरी त्याच्याकडून तेच लेखन पुन्हा करवून घ्यावे, असा तेथील परिपाठ होता. नागपूरच्या महेश एलकुंचवारांची ‘सुलतान’ ही एकांकिका १९६७ साली येथे प्रसिद्ध झाली, आणि तिच्यामुळेच दिग्दर्शिका विजया मेहतांचे लक्ष या दूरच्या नाटककाराकडे वेधले गेले.

तथापि ज्या साक्षेपाने ही प्रतिष्ठा मिळवून दिली, त्याच साक्षेपातून कलेच्या स्वायत्ततेची एक कसोटी दृढ झाली आणि कालांतराने तिला सनदेचा अधिकार प्राप्त झाला. साठोत्तर काळात ज्यांचे जीवन व ज्यांची भाषा या कसोटीत सामावत नव्हती, त्यांनी लघुअनियतकालिके काढली, १९६९ साली राजा ढाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची जाहीर होळी केली, आणि दलित लेखकांना गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’मध्ये हक्काचे व्यासपीठ लाभले. त्या संतापामागील वेदना न्याय्य होती, हे निःसंकोचपणे मान्य केले पाहिजे. ज्या पिढीचा विश्वास गमावला, तिच्यातील वाचकही दुरावला, आणि ऑगस्ट १९८२ च्या अंकानंतर मासिक बंद पडले.

अधिकार संपुष्टात आला, हे योग्यच झाले. परंतु त्याबरोबर परिश्रमांचीही परंपरा लोपली, ही हानी मोठी आहे. आज खेड्यातील तरुणाचे लेखन छापणारे पुष्कळ भेटतात, पण त्यातील एकेका वाक्याची जबाबदारी घेऊन त्याला उत्तर लिहिणारा संपादक विरळा. नव्या नियतकालिकांनी जुनी कसोटी खुशाल नाकारावी, मात्र ते उत्तर लिहिण्याचे कर्तव्य टाळू नये. कारण दूरच्या लेखकाला त्या उत्तराइतका आधार दुसरा नाही.