ग्रंथपालाची किल्ली

ग्रंथालयात आपण चिठ्ठी देतो आणि ग्रंथपाल कपाट उघडून पुस्तक काढून देतात. कपाटाची किल्ली आपल्या हाती येत नाही. वेबवरून माहितीसाठ्यापर्यंत पोचण्याची रीत हीच आहे, आणि ती रुळवण्यात एका ग्रंथपालबाईंचा मोठा वाटा होता.

अमेरिकेतील 'स्लॅक' या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत १९७४ पासून शोधनिबंधांची सूची 'स्पायर्स' या प्रणालीत ठेवली जात होती. ती स्वतः चाळायची तर तेथील मोठ्या संगणकावर खाते हवे आणि प्रश्न विचारण्याची ठरावीक भाषाही यायला हवी. सप्टेंबर १९९१ मध्ये स्लॅकचे पॉल कुन्झ जिनिव्हाजवळच्या 'सर्न'मध्ये गेले. टिम बर्नर्स-ली यांनी त्यांना वेब दाखवले, तेव्हा कुन्झ यांना ही सूची आठवली. परतल्यावर त्यांनी ग्रंथपाल लुईझ अ‍ॅडिस यांना ही कल्पना सांगितली. अ‍ॅडिस यांनी ती उचलून धरली आणि १२ डिसेंबर १९९१ रोजी स्लॅकचा वेब सर्व्हर सुरू झाला. युरोपबाहेरचा तो पहिलाच. वाचकाने शब्द टाइप करायचा; मधला प्रोग्रॅम स्पायर्सला विचारून उत्तर आणून देई. वाचकाला खाते लागत नसे.

मग किल्ली गेली कोठे? ती वाचकाऐवजी मधल्या प्रोग्रॅमकडे आली. म्हणूनच आजही वेब अ‍ॅप्लिकेशनची डेटाबेसशी जोडणी करताना साधारणपणे पाच गोष्टी सांगाव्या लागतात: डेटाबेस कोणत्या संगणकावर आहे, पोर्ट क्रमांक, डेटाबेसचे नाव, वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड. दर वेळी नवी जोडणी उघडण्यात वेळ जातो, म्हणून काही जोडण्या उघड्या ठेवून आळीपाळीने वापरतात.

हजारो वाचकांसाठी किल्ली एकच असते, हे सोयीचे तसेच धोक्याचेही. त्यामुळे पासवर्ड प्रोग्रॅममध्ये न लिहिता वेगळा ठेवतात. ज्या खात्याला फक्त सूची वाचायची आहे, त्याला नोंदी पुसण्याचा अधिकार देत नाहीत.

वर्गात एक प्रश्न विचारून पाहू या. चिठ्ठीवर पुस्तकाच्या नावाऐवजी कोणी 'सगळी कपाटे रिकामी करा' असे लिहिले आणि ग्रंथपालांनी ते न वाचताच पाळले, तर? मुले जे उपाय सुचवतील, त्यांतले बरेचसे संगणकतज्ज्ञांनीही योजलेले आहेत.